'मी' कोणाला मिळतो? : 'ययाति', 'मृत्युंजय' आणि भूमिका-खेळ यांतील नायक व अनायक

गोषवारा

अद्भुताचा आश्रय घेणाऱ्या कथावाङ्मयात नायक कोणाला म्हणावे आणि अनायक कोणाला, हा प्रश्न बहुधा पात्राच्या गुणदोषांची यादी करून सोडविला जातो. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९) आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) या कोल्हापूरशी निगडित दोन कादंबऱ्यांच्या आधारे येथे दोन निकष सुचविले आहेत. पात्राचे अद्भुत शक्तीशी नाते घेण्याचे आहे की देण्याचे, हा पहिला. कथेतील 'मी' कोणाला मिळाला आहे, हा दुसरा. पाश्चात्त्य अद्भुतकथा आणि त्यांतून उदयास आलेले भूमिका-खेळ यांच्याशी तुलना करून हे निकष तपासले आहेत.

१. प्रस्तावना

महाभारतावर आधारित मराठी कादंबरीचा विचार करताना कोल्हापूर परिसराकडे दुर्लक्ष करता येत नाही. १९२० पासून शिरोडे येथे शिक्षक असलेले खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरास आले. येथील वास्तव्याच्या काळातच त्यांची 'ययाति' प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत यांचा जन्म जिल्ह्यातील आजऱ्याचा. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते कोल्हापुरातच शिक्षक होते. कर्णावरच 'राधेय' (१९७३) लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे. अवघ्या चौदा वर्षांत एकाच जिल्ह्याने मराठीला एक ययाती आणि दोन कर्ण दिले.

या कादंबऱ्यांना आपण 'पौराणिक' म्हणतो आणि अद्भुतकथेच्या चर्चेतून त्यांना वगळतो. मराठीतील अद्भुतरम्य कादंबरी म्हटली की लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासूनची परंपरा डोळ्यांसमोर येते. त्या परंपरेतील नायक निर्दोष असतो. संकटे बाहेरून येतात आणि शेवटी दूर होतात. परंतु शापाने क्षणात येणारे वार्धक्य, मुलाकडून उसने घेतलेले तारुण्य, मेलेल्यास उठविणारी संजीवनी, जन्मतः अंगावर असलेले कवच ही सारी सामग्री अद्भुताचीच आहे. आज वर्गात बसणारा विद्यार्थी टॉल्किनच्या कथांवरील चित्रपट पाहून आणि मोबाइलवर खेळ खेळून आलेला असतो. त्याच्या दृष्टीने ययाती, कर्ण आणि अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो एकाच जगातील रहिवासी आहेत. या विद्यार्थ्याशी बोलायचे तर आपल्या परिभाषेची फेरतपासणी आवश्यक आहे.

२. परिभाषेचा प्रश्न

मराठी समीक्षेत 'प्रतिनायक' ही संज्ञा दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. धनंजयाच्या 'दशरूपक' या दहाव्या शतकातील ग्रंथात प्रतिनायक म्हणजे नायकाचा शत्रू. तो लोभी, उद्धत, हट्टी, पापी आणि व्यसनी असतो. रामाचा प्रतिनायक रावण, युधिष्ठिराचा दुर्योधन. आधुनिक कादंबरीत ज्याच्यापाशी नायकाचे गुण नाहीत आणि तरीही कथा ज्याची आहे, असे पात्र मात्र वेगळे. ते कोणाचा शत्रू असतेच असे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर कोणाशीही युद्ध करीत नाही. तो केवळ नायक होण्याचे नाकारतो. अशा पात्रास प्रस्तुत निबंधात 'अनायक' म्हटले आहे.

प्राचीन नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. आपण परीक्षेत या चारांतील फरक विचारतो; त्यांतील साम्याकडे आपले लक्ष जात नाही. चारही नावांत 'धीर' हा शब्द आहे. नायक उदात्त असो, विलासी असो, शांत असो वा उद्धट असो, त्याची मूळची स्थिरता ढळता कामा नये, ही पूर्वअट आहे. अनायकाची व्याख्या येथूनच करता येईल. ज्याच्या नावातून 'धीर' गळून पडला आणि उरलेले विशेषण तेवढे शिल्लक राहिले, तो अनायक. प्रतिनायक धीर सोडत नाही. रावण शेवटपर्यंत खंबीर असतो. या अर्थाने प्रतिनायक हा नायकाच्या जवळचा आणि अनायकापासून दूरचा आहे.

३. 'ययाति' : घेणारा राजा

खांडेकरांचा ययाती हा असा 'धीर' गळालेला ललित नायक आहे. तो शूर आहे, रसिक आहे, प्रेमळही आहे. परंतु कोणत्याही क्षणी तो स्वतःला आवरू शकत नाही. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांच्या शापाने त्याला वार्धक्य येते आणि तो आपल्या पुत्रांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात, पुरू देतो. मुलाचे आयुष्य बाप मागतो, ही या कथेतील मूळ विपरीतता होय. खांडेकरांनी ती आधुनिक भोगवृत्तीचे रूपक म्हणून वापरली, हे सर्वश्रुत आहे. कथेच्या अद्भुत यंत्रणेतच हे रूपक कसे दडलेले होते, इकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. येथे अद्भुत शक्ती आकाशातून येत नाही. ती दुसऱ्या जिवंत माणसाच्या शरीरातून काढून घ्यावी लागते.

'ययाति' नंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्ये मायकेल मूरकॉक याने एल्रिक या पात्राची पहिली कथा प्रसिद्ध केली. एल्रिक हा एका ऱ्हास पावलेल्या साम्राज्याचा अखेरचा सम्राट. प्रकृतीने दुबळा, वर्णाने पांढराफटक. त्याच्यापाशी एक काळी तलवार आहे. ती ज्याला मारते त्याचा आत्मा पिते आणि ते बळ एल्रिकला देते. शत्रूंबरोबर त्याचे प्रियजनही या तलवारीला बळी पडतात. स्नायू आणि शौर्य मिरविणाऱ्या तत्कालीन अद्भुतकथेतील वीरांना दिलेले हे जाणीवपूर्वक उत्तर होते. या दोन लेखकांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु दोघांनी अनायकाची खूण एकच सांगितली आहे. तो दुसऱ्याच्या जिवावर जगतो, त्याला हे कळते, आणि तरीही त्याला थांबता येत नाही.

दोघांत फरकही आहे. एल्रिकला तलवार हवी असते, कारण तिच्यावाचून त्याला उभे राहता येत नाही. ययातीला तारुण्य हवे असते ते उपभोगासाठी. म्हणून एल्रिकविषयी करुणा वाटते आणि ययातीविषयी लाज. ही लाज महत्त्वाची आहे, कारण ती वाचकाला स्वतःविषयी वाटते. कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे प्रथमपुरुषी निवेदन करतात. ज्याला खांडेकरांनी आदर्श म्हणून उभे केले, त्या कचाला निवेदक म्हणून स्वतंत्र भाग नाही. ज्याने तारुण्य दिले त्या पुरूलाही नाही. ध्येयवादी लेखक म्हणून खांडेकरांवर वारंवार टीका झाली. परंतु या ध्येयवादी लेखकाने 'मी' म्हणण्याचा अधिकार आदर्शाला न देता दुबळ्याला दिला. वाचकाची ओढ कचाकडे असते, पण पानोपानी त्याला ययातीच्या तोंडाने बोलावे लागते. 'ययाति'चे नैतिक सामर्थ्य कचाच्या उपदेशापेक्षा या रचनेत अधिक आहे.

४. 'मृत्युंजय' : देणारा योद्धा

सावंतांनी नेमकी उलट मांडणी केली. 'मृत्युंजय'चे नऊ भाग आहेत. त्यांपैकी चार कर्णाचे. उरलेल्या पाचांत कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण यांना प्रत्येकी एक. कादंबरीचा आरंभ कर्णाच्या निवेदनाने होतो आणि त्याच्या अखेरच्या क्षणांची साक्ष प्रत्यक्ष कृष्ण देतो. ज्याला 'मी' मिळाला तोच येथे देणारा आहे.

कवचकुंडलांचे दान हा कर्णाच्या नायकत्वाचा गाभा. महाभारताच्या वनपर्वात सूर्य स्वप्नात येऊन त्याला सावध करतो, तरीही ब्राह्मणवेषातील इंद्राला तो अंगावरील कवच कापून देतो. ययाती पुत्राच्या शरीरातून घेतो, कर्ण स्वतःच्या शरीरातून काढून देतो. दोन्ही कृतींत अद्भुत वस्तू शरीराशी जडलेली आहे आणि दोन्हींत तिची दिशा नायकत्व ठरविते. टॉल्किनच्या कादंबरीत (१९५४-५५) अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो अखेरच्या क्षणी ती टाकू शकत नाही, याची येथे आठवण होते. अद्भुतकथेतील वीराची परीक्षा शक्ती मिळविण्यात नसते, ती सोडण्यात असते.

तथापि मूळ महाभारत इतके सरळ नाही. सूर्याच्याच सल्ल्यावरून कर्ण इंद्राकडे मोबदल्यात अमोघ शक्ती मागतो आणि ती पुढे घटोत्कचावर खर्ची पडते. म्हणजे व्यासांच्या कथेत दानाच्या पोटात एक व्यवहारही आहे. कर्णाची लोकप्रिय प्रतिमा दान लक्षात ठेवते आणि व्यवहार विसरते.

याहून गंभीर विसर द्यूतसभेचा आहे. सभापर्वात द्रौपदीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, तेव्हा दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण उठून तिची बाजू मांडतो. त्याला गप्प बसविणारा कर्णच. द्रौपदीला हीन शब्दांत हिणविणारा आणि दुःशासनाला तिचे वस्त्र हिरावण्यास सांगणाराही कर्णच. महाभारत हे लपवीत नाही. उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना पांडवांना उद्देशून काढलेल्या कठोर शब्दांबद्दल कर्णाला पश्चात्ताप होतो, हेही ते सांगते. हा कर्ण धीर आहे, दाता आहे आणि त्या सभेत अपराधीही आहे. 'मृत्युंजय'चा वाचक या प्रसंगापाशी पोहोचतो तेव्हा तो आधीच कर्णाचा झालेला असतो. त्याने कर्णाच्या तोंडाने बालपण भोगलेले असते, रंगभूमीवर कुळ विचारले गेल्याचा अपमान सोसलेला असतो. मग अपराधही अपमानाचा परिणाम वाटू लागतो. सहा निवेदकांत कुंती आहे, वृषाली आहे, द्रौपदी नाही. सभेत जिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तिला कादंबरीतही 'मी' मिळत नाही.

'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचा 'युगान्त' प्रकाशित झाला. त्यातील कर्णावरील लेखात भावुकतेला थारा नाही. कर्णाचे दोष तेथे दोष म्हणूनच पाहिले आहेत. एकाच वर्षी मराठीला दोन कर्ण मिळाले. एकाला वाचकांनी हृदयात ठेवले, दुसऱ्याला अभ्यासक्रमात. दोघांना एकत्र वाचण्याची सवय मात्र आपण विद्यार्थ्यांना लावली नाही.

याचा अर्थ सावंतांच्या कर्णावरील वाचकांचे प्रेम ही निव्वळ भ्रांती होती, असा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. अशा भूमीत, गुण असूनही कुळ विचारून अडविलेल्या सूतपुत्राची कथा परकी वाटणे शक्यच नव्हते. पहिल्या पिढीतील विद्यार्थी उत्तरपत्रिकेत कर्णाविषयी लिहितो तेव्हा पुष्कळदा तो स्वतःविषयीच लिहीत असतो. त्या उत्तरास गुण देताना हात आखडू नये; परंतु 'त्या सभेत तू काय बोलला असतास?' हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला वर्गाबाहेरही जाऊ देऊ नये. अन्याय सोसलेल्याने दुसऱ्यावर केलेला अन्याय कसा मोजायचा, हा प्रश्न समीक्षेपुरता मर्यादित नाही. तो गावात, घरात आणि महाविद्यालयाच्या आवारातही उभा राहतो.

५. भूमिका-खेळ : नियम कोणता नायक घडवितात?

खांडेकरांना ज्या १९७४ सालाचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. भूमिका-खेळ या प्रकाराचा हा आरंभ मानला जातो. चारपाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने 'मी दार उघडतो', 'मी त्याला सोडून देतो' असे बोलतात. कृती साधली की फसली, हे फाशांनी ठरते. संगणकावरील आणि मोबाइलवरील असंख्य खेळ याच कल्पनेची अपत्ये होत.

कादंबरी जे वाचकाला गुपचूप करायला लावते, ते हा खेळ उघडपणे करायला लावतो. येथे प्रत्येकाला 'मी' मिळतो. १९७८ मध्ये खेळाडूंसाठी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमग्रंथात पात्रांच्या नैतिक वृत्तीचे नऊ प्रकार दिले आहेत. एका बाजूस शिस्त, स्वैरता आणि मधली अवस्था. दुसऱ्या बाजूस चांगुलपणा, दुष्टता आणि मधली अवस्था. धनंजयाच्या चार प्रकारांशी ही नवविध मांडणी ताडून पाहण्याजोगी आहे. शिस्त आणि स्वैरता यांतील संघर्षाची कल्पना ज्या कथांतून खेळात आली, त्यांत मूरकॉकच्या कथाही आहेत. अनायक अशा रीतीने नियमावलीत शिरला.

पण नियम तटस्थ नसतात. या खेळाच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत पात्राला मिळणारे अनुभवाचे गुण मुख्यतः त्याने मिळविलेल्या द्रव्यावर अवलंबून होते. जो अधिक संपत्ती घेऊन परततो, तो अधिक मोठा वीर. पुढील खेळांत नियम बदलले, तरी साठवीत जाणे आणि बलवान होत जाणे हा त्यांचा कणा बहुतांशी कायम राहिला. अशा नियमांत ययाती सहज बसतो. कर्ण बसत नाही. कवच देऊन टाकणारा खेळाडू त्या हिशेबात फक्त दुबळा होतो.

या दृष्टीने एक उदाहरण उद्बोधक आहे. जपानमध्ये २०१५ मध्ये आलेल्या 'फेट/ग्रँड ऑर्डर' या मोबाइलवरील भूमिका-खेळात कर्ण आणि अर्जुन दोघेही खेळता येण्याजोगी पात्रे आहेत. तेथील कर्ण उदार आणि निर्लोभ आहे. त्याचे सर्वोच्च अस्त्र म्हणजे इंद्राने दिलेली शक्ती, आणि कवच सोडल्यावरच ती वापरता येते. दानाचे येथे अस्त्रात रूपांतर झाले आहे. ही विटंबना आहे, असे चटकन म्हणावेसे वाटेल; परंतु कवचाच्या बदल्यात शक्ती, हा व्यवहार वनपर्वातच आहे. लोकप्रिय कर्णप्रतिमेने जे झाकले, ते खेळाच्या गरजेने पुन्हा वर आणले, एवढेच.

भूमिका घेऊन खेळण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. खांडेकरांनी जेथे अठरा वर्षे शिकविले, त्या शिरोड्याच्या मुलखात दशावताराच्या प्रयोगाला 'खेळ' असेच म्हणतात. तेथे लिखित संहिता नसते. कथानक आणि भूमिका ठरतात, संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतात. राक्षसाची भूमिका करणारा नट देवाला वादात निरुत्तर करू लागला तर प्रेक्षक त्यालाही दाद देतात. पण शेवटी राक्षस मरतो. दशावतारात शब्द मोकळे आणि शेवट बांधलेला. पाश्चात्त्य भूमिका-खेळात शेवट मोकळा, पण गुणांचा हिशेब बांधलेला. कादंबरीत शब्द आणि शेवट दोन्ही बांधलेले. मोकळी असते ती केवळ वाचकाची सहानुभूती. म्हणून कादंबरीकाराने 'मी' कोणाला दिला, हे इतके निर्णायक ठरते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) प्रतिनायक आणि अनायक या संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. प्रतिनायक नायकाच्या विरोधात उभा असतो. अनायकाच्या ठायी नायकाला आवश्यक असलेली स्थिरताच नसते.

२) अद्भुतकथेत नायकत्वाचा निकष शक्तीचे प्रमाण हा नसून शक्तीची दिशा हा आहे. घेणारा ययाती अनायक ठरतो, देणारा कर्ण नायक ठरतो.

३) तरीही देणारा प्रत्येक प्रसंगी नायक असतोच असे नाही. कर्णाचे दान द्यूतसभेतील त्याचा अपराध पुसून टाकत नाही. तो पुसल्यासारखा वाटतो, याचे मोठे कारण निवेदनाच्या रचनेत आहे. खांडेकरांनी 'मी' दुबळ्याला देऊन वाचकाला आत्मपरीक्षणास भाग पाडले. सावंतांनी तो वीराला देऊन वाचकाला आधार दिला. मराठी वाचकाला दोहोंची गरज होती.

४) भूमिका-खेळांकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहणे अध्यापकांना परवडणारे नाही. विद्यार्थी तेथे दररोज 'मी'ची निवड करीत आहेत.

या शेवटच्या मुद्द्यावरून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. सभापर्वातील तो प्रसंग वर्गात दशावताराच्या रीतीने, संहितेवाचून, भूमिका वाटून खेळून पाहता येईल. भीष्म, द्रोण, कर्ण, दुःशासन, द्रौपदी आणि विकर्ण. कर्णाची भूमिका घ्यायला पुष्कळ हात वर होतील. विकर्णाची आठवण बहुधा कोणाला होणार नाही. त्याच्यापाशी कवच नाही, शाप नाही, दिव्य अस्त्र नाही. त्याच्यावर कादंबरीही नाही. भर सभेत स्वतःच्या बाजूच्या लोकांविरुद्ध एकदा खरे बोलणे, एवढेच त्याचे कर्तृत्व. अद्भुताचा लवलेशही नसलेली ही भूमिका एखाद्या विद्यार्थ्याने आपण होऊन मागितली, तर नायक म्हणजे काय हे त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाही.